पुराव्याचा कागद : नवगाव, पिंपरी आणि लोद

सन १९५० च्या मार्च आणि एप्रिल या दोन महिन्यांत, परस्परांशी अद्याप राजनैतिक संबंध नसलेल्या दोन नव्या राज्यांनी आशयाने बरेच जवळचे असे दोन कायदे केले. इस्रायलच्या संसदेने, म्हणजे नेसेटने, ‘अनुपस्थितांच्या मालमत्तेचा कायदा’ संमत करून १९४७-४८ च्या युद्धकाळात घरदार सोडावे लागलेल्या अरबांची घरे, शेते आणि दुकाने एका सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात दिली. भारताच्या संसदेने ‘निष्क्रांत मालमत्तेच्या प्रशासनाचा कायदा’ करून फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेल्यांच्या मालमत्तेची व्यवस्था तशाच अभिरक्षकाकडे सोपवली. हे साम्य केवळ योगायोगाचे नव्हते. इस्रायली कायद्याचा मसुदा तयार करताना पाकिस्तानने १९४८ मध्ये काढलेल्या अशाच अध्यादेशाचा आधार घेतला गेला होता, हे कायद्याच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. भारतीय उपखंडाची फाळणी आणि पॅलेस्टाईनची फाळणी या एकाच ब्रिटिश साम्राज्याच्या माघारीतून, अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने घडलेल्या घटना होत्या, आणि दोन्हींनी लाखो माणसांना आपल्या गावाचे पुरावे जवळ बाळगून परक्या गावी राहायला लावले.

पुण्याच्या वायव्येस मुंबई रस्त्यावर असलेले पिंपरी हे अशा गावांपैकी एक होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना येथे १९५४ मध्ये आला, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि चाकणपर्यंतचा कारखान्यांचा पट्टा त्यानंतरच्या दशकांत उभा राहिला. त्या सर्वांच्या आधी पिंपरीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी वसली होती, आणि तो भाग आजही ‘पिंपरी कॅम्प’ या नावानेच ओळखला जातो. कराची, हैदराबाद, सक्कर, शिकारपूर अशा शहरांतून निघालेल्या निर्वासितांपुढे पहिला प्रश्न पोटाचा होता आणि दुसरा कागदाचा. मागे राहिलेल्या घराची, दुकानाची, जमिनीची किंमत मागायची तर १९५० च्या दावे-पडताळणीच्या कायद्याखाली दावा नोंदवावा लागे, तो तपासला जाई, आणि त्यानंतर १९५४ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने त्यातील काही अंश हाती पडे. ज्याच्या पेटीत खरेदीखत किंवा सनद आली होती त्याचे म्हणणे सोपे होते. ज्याची पेटी वाटेत राहिली त्याला साक्षीदार शोधावे लागत. सीमेपलीकडचे घर खरोखर होते, हे सांगणाऱ्याच्या आठवणीवर सरकारने किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न तेथे प्रत्येक दाव्यागणिक उभा राहत होता.

ज्यू आणि अरब यांच्यातील संघर्षाच्या इतिहासाविषयी जे वाद गेली पाऊणशे वर्षे चालू आहेत, त्यांच्या मुळाशीही बहुतांश हाच प्रश्न आहे. घटना घडली की नाही, यावर वाटते तितका मतभेद नसतो. मतभेद असतो तो ती कोठून सांगायला सुरुवात करायची आणि कोणाच्या शब्दाला पुरावा मानायचे यावर. मराठी वाचकाला हा पेच परका वाटण्याचे कारण नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड प्रसिद्ध केले आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तेव्हापासून अस्सल समकालीन कागद श्रेष्ठ आणि नंतर लिहिलेली बखर दुय्यम, हा दंडक मराठी इतिहासलेखनाने स्वीकारलेला आहे. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा की १६३० चा, हा दीर्घकाळ चाललेला वाद बखरी एका बाजूला आणि जेधे शकावली दुसऱ्या बाजूला ठेवूनच लढला गेला. हा दंडक मोलाचा आहे, परंतु त्याची एक मर्यादा फारशी बोलली जात नाही : कागद लिहिण्याची, जपण्याची आणि दडवण्याची सत्ता ज्याच्या हाती असते, त्याच्या बाजूने हा दंडक आपोआप झुकतो. पॅलेस्टाईनमधील लिद्दा या शहराचा, आणि पुढे त्याच शहरात जाऊन राहिलेल्या मराठी ज्यूंचा इतिहास या मर्यादेवर जितका प्रकाश टाकतो तितका क्वचितच दुसरा एखादा टाकत असेल.

प्रथम भारताची भूमिका. पॅलेस्टाईनच्या भवितव्याविषयी शिफारस करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९४७ मध्ये अकरा देशांची एक समिती नेमली आणि तीत भारताचे प्रतिनिधी म्हणून सर अब्दुर रहमान हे न्यायाधीश होते. समितीच्या बहुमताने ज्यू राज्य आणि अरब राज्य अशी फाळणी सुचवली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तिघांनी मात्र दोन्ही समाजांना स्वायत्तता देणारे एकच संघराज्य असावे, असा वेगळा अहवाल दिला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी आमसभेत फाळणीच्या ठरावाच्या बाजूने ३३ आणि विरोधात १३ मते पडली, १० देश तटस्थ राहिले, आणि विरोधातील तेरा देशांमध्ये भारत होता. स्वतःच्या फाळणीचे रक्त अद्याप वाळलेले नसताना भारताने दुसऱ्या फाळणीला संमती दिली नाही, हे समजण्याजोगे आहे. महाराष्ट्रातून या निर्णयावर ठाम टीका केली ती विनायक दामोदर सावरकर यांनी : १९ डिसेंबर १९४७ रोजी काढलेल्या पत्रकात त्यांनी ज्यू राज्याच्या निर्मितीचे स्वागत केले आणि भारताच्या मतदानाबद्दल खेद व्यक्त केला. त्याआधी नऊ वर्षे, नोव्हेंबर १९३८ मध्ये, महात्मा गांधींनी ‘हरिजन’मधील लेखात जर्मनीतील ज्यूंच्या छळाबद्दल पूर्ण सहानुभूती दाखवूनही पॅलेस्टाईन ही तेथील अरबांची भूमी आहे, असे म्हटले होते. या दोन मतांकडे केवळ राजकीय भेद म्हणून पाहिले तर त्यांतील इतिहासविषयक भेद नजरेतून सुटतो. सावरकरांची मांडणी इस्लामपूर्व काळातील ज्यूंच्या पितृभूमीपासून सुरू होते. गांधींची मांडणी त्या क्षणी त्या मातीत नांगर धरणाऱ्या माणसापासून सुरू होते. आरंभबिंदू बदलला की तीच घटना पुनरागमन ठरते किंवा आक्रमण ठरते, आणि तिसरे नाव शोधणाऱ्याला दोन्ही बाजूंचे शिव्याशाप मिळतात.

लिद्दा, अरबीत अल-लिद्द आणि हिब्रूत लोद, हे तेल अवीवच्या आग्नेयेस सुमारे पंधरा किलोमीटरवरचे जुने शहर. ब्रिटिश काळात ते रेल्वेचे मोठे जंक्शन होते आणि देशाचा मुख्य विमानतळ त्याच्या शेजारी होता. संयुक्त राष्ट्रांच्या नकाशात लिद्दा आणि त्याला लागून असलेले रामला ही दोन्ही शहरे नियोजित अरब राज्यात होती. १४ मे १९४८ रोजी इस्रायलची घोषणा झाली, दुसऱ्या दिवशी शेजारच्या अरब देशांच्या सेना पॅलेस्टाईनमध्ये उतरल्या, आणि जाफा व आसपासच्या खेड्यांतून हुसकले गेलेले हजारो लोक या दोन शहरांत आश्रयाला आले. जुलैमध्ये इस्रायली सैन्याने ‘दानी’ या नावाची मोहीम काढली. ११ जुलैला मोशे दायान यांच्या तुकडीने चिलखती गाड्यांतून गोळीबार करीत लिद्द्यातून धडक मारली. त्या रात्री आणि १२ तारखेस यिफ्ताह ब्रिगेडचे काहीशे सैनिक शहरात शिरले. शहराच्या रक्षणासाठी असलेली जॉर्डनच्या अरब लीजनची छोटी तुकडी निघून गेली. १२ तारखेच्या दुपारी लीजनच्या दोनतीन चिलखती गाड्या शहरात आल्या, गोळीबार सुरू झाला, काही शहरवासीयांनीही तो सुरू केला, आणि संख्येने कमी असलेल्या इस्रायली सैनिकांनी रस्त्यांवर, घरांवर आणि दहमश मशिदीत जमलेल्यांवर मारा केला. इस्रायली सैनिकी अहवालाने शहरातील मृतांचा आकडा सुमारे २५० दिला. पॅलेस्टिनी इतिहासकार आरिफ अल-आरिफ यांनी ४०० हून अधिक मृत्यू नोंदवले. इस्रायलचे सैनिक तीनचार मेले.

त्याच दुपारी लिद्द्याच्या रहिवाशांना वयाचा विचार न करता तातडीने घालवून देण्याचा लेखी आदेश निघाला आणि त्यावर मोहिमेचे कार्यप्रमुख यित्झाक राबिन यांची सही होती. रामल्यातील लोकांना बहुतांश वाहनांतून सरहद्दीपर्यंत नेऊन सोडले गेले. लिद्द्यातील लोक १३ जुलैला, कडाक्याच्या उन्हात, लहान मुले आणि म्हातारी माणसे घेऊन, पूर्वेकडे रामल्लाहच्या दिशेने पायी निघाले. दोन्ही शहरांतून मिळून पन्नास ते सत्तर हजार माणसे बाहेर पडली. वाटेत तहानेने आणि थकव्याने किती मेली, याविषयीचे अंदाज काही डझनांपासून साडेतीनशेपर्यंत जातात. त्या शहरात जन्मलेला आणि बैरूतला वैद्यकीचे शिक्षण घेणारा एक तरुण तेव्हा जखमींच्या मदतीसाठी परत आला होता. पुढे पॅलेस्टाईनच्या मुक्तीसाठी सशस्त्र संघटना उभारणारे जॉर्ज हबश ते हेच. शहरात सुमारे एक हजार अरब उरले.

या दोन दिवसांचे वर्णन पुढील तीस वर्षे दोन वेगळ्या भाषांत, दोन वेगळ्या रीतींनी होत राहिले. अरबी जगाने १९४८ च्या पराभवाला आणि विस्थापनाला ‘नकबा’, म्हणजे महासंकट, असे नाव दिले. सिरियन विचारवंत कॉन्स्टंटाइन झुरैक यांनी त्याच वर्षी या नावाचे पुस्तक लिहून ते रूढ केले. इस्रायलमध्ये ते स्वातंत्र्ययुद्ध होते आणि शाळकरी पुस्तकांत असे शिकवले जात होते की अरब नेत्यांनी आकाशवाणीवरून लोकांना गावे सोडण्यास सांगितले, म्हणून लोक गेले. लेबनॉनमधील पॅलेस्टिनी अभ्यासक वालिद खालिदी यांनी १९५९ पासून आणि आयरिश पत्रकार अर्स्किन चाइल्डर्स यांनी १९६१ मध्ये त्या काळातील प्रसारणांच्या नोंदी तपासून असे सरसकट आदेश सापडत नाहीत, असे लिहिले. तरी लिद्द्यातून बाहेर पडलेल्यांच्या साक्षी इस्रायलमध्ये पुराव्यात धरल्या गेल्या नाहीत. त्या शत्रूच्या आठवणी होत्या आणि शत्रूची आठवण हा प्रचार समजला जातो. ही कोंडी फुटली ती राबिन यांच्याच लेखणीने. १९७९ मध्ये त्यांनी आत्मचरित्रात लिद्द्याच्या हकालपट्टीचा वृत्तान्त लिहिला, तेव्हाचे पंतप्रधान बेन-गुरिअन यांनी हाताच्या इशाऱ्याने लोकांना घालवा असे सुचवल्याचे सांगितले, आणि मंत्र्यांच्या समितीने तो भाग कापला. इंग्रजी अनुवादकाने तो कापलेला मजकूर अमेरिकेच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला दिला आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो छापून आला.

त्यानंतर शासकीय दप्तरे उघडली. इस्रायलच्या तीस वर्षांच्या नियमानुसार १९४८ चे बरेच कागद अभ्यासकांपुढे आले आणि १९८७-८८ च्या सुमारास बेनी मॉरिस, आवि श्लाईम, इलान पापे, सिम्हा फ्लापान यांच्या पुस्तकांनी इस्रायली इतिहासलेखनाला हादरा दिला. मॉरिस यांनी स्वतःच या गटाला ‘नवे इतिहासकार’ म्हटले. पॅलेस्टिनी निर्वासितांच्या प्रश्नाचा जन्म सांगताना मॉरिस यांनी गावागावांची यादी केली : कोठे भीती, कोठे प्रत्यक्ष लढाई, कोठे स्थानिक अरब नेत्यांचा सल्ला, आणि कोठे, जसे लिद्द्यात, सरळ हकालपट्टी. सुमारे सात लाख माणसांच्या विस्थापनाचे एकच कारण नव्हते, हे त्यांचे मत. मार्च १९४८ ची ‘दालेत योजना’ ही मुळातच हकालपट्टीची ठरवलेली योजना होती, हे खालिदी आणि पुढे पापे यांचे मत. आणि एफ्राईम कार्श यांच्यासारख्या अभ्यासकांनी नव्या इतिहासकारांवर कागद सोयीने वाचल्याचा आरोप केला. २०१३ मध्ये इस्रायली पत्रकार आरी शावित यांनी लिद्द्यावर लिहिलेल्या प्रकरणाने दहमश मशिदीत घडले ती कत्तल की लढाई, हा वाद पुन्हा पेटवला आणि इतिहासकार मार्टिन क्रेमर यांनी त्यावर सविस्तर आक्षेप घेतले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की या साऱ्या वादात हकालपट्टीचा आदेश निघाला होता, यावर गंभीर अभ्यासकांत आता मतभेद उरलेला नाही. जे पायी निघाले होते त्यांनी तीस वर्षे हेच सांगितले होते.

आठवण नेहमीच खरी आणि कागद नेहमीच खोटा, असा निष्कर्ष मात्र येथून काढता येणार नाही, आणि तसा काढणे पॅलेस्टिनी इतिहासकारांवरच अन्याय करणारे ठरेल. जेरुसलेमजवळच्या देर यासीन या गावात ९ एप्रिल १९४८ रोजी इर्गुन आणि लेही या ज्यू सशस्त्र गटांनी केलेल्या कत्तलीत २५४ जण मेले, असा आकडा अनेक दशके सर्वमान्य होता. तो प्रथम हल्लेखोरांच्याच सेनानीने, अरबांत दहशत पसरावी म्हणून, पत्रकारांना सांगितलेला होता आणि अरब बाजूने तो संतापाच्या भरात तसाच उचलला. १९८७ मध्ये बिरझैत या पॅलेस्टिनी विद्यापीठाच्या संशोधकांनी वाचलेल्या गावकऱ्यांना भेटून एकेक नाव लिहून काढले आणि मृतांची संख्या सुमारे १०७ असल्याचे प्रसिद्ध केले. स्वतःच्या समाजाच्या दुःखाचा आकडा स्वतःच निम्म्याहून खाली आणणारे हे काम इतिहासाच्या प्रामाणिकपणाचे उत्तम उदाहरण आहे. त्याच एप्रिलमध्ये हदासा रुग्णालयाकडे निघालेल्या ज्यू ताफ्यावर अरबांनी केलेल्या हल्ल्यात ७८ जण, त्यांत डॉक्टर आणि परिचारिका, मारले गेले, आणि १३ मे रोजी केफार एत्झिऑन येथे शरणागती पत्करलेल्या ज्यूंची कत्तल झाली. या घटना अरब कथनात ओझरत्या येतात. शिवाय अरब राज्यांची दप्तरे आजही संशोधकांना जवळजवळ बंद आहेत, त्यामुळे अरब बाजूचे निर्णय मुख्यतः इस्रायली आणि ब्रिटिश कागदांतूनच कळतात, आणि एका बाजूचा इतिहास दुसऱ्या बाजूच्या दप्तरात वाचावा लागणे हे कोणाच्याच हिताचे नाही.

लिद्दा म्हणजेच लोद आणि रामला याच शहरांत, तसेच दक्षिणेकडील बिरशेबा येथे, १९५० आणि ६० च्या दशकांत ‘बेने इस्राईल’ या नावाने ओळखले जाणारे मराठी बोलणारे ज्यू येऊन राहिले. बिरशेबाही ऑक्टोबर १९४८ पूर्वी अरब शहर होते. दिमोना, येरुहाम यांसारख्या वाळवंटातील नव्या वसाहतींतही बेने इस्राईल मोठ्या संख्येने गेले. मुंबईहून विमानाने येणाऱ्यांचे पाय प्रथम ज्या विमानतळावर टेकले तो लोदचाच होता. लोदमधील रिकाम्या अरब घरांत प्रथम बल्गेरिया, उत्तर आफ्रिका अशा ठिकाणांहून आलेले ज्यू राहिले आणि भारतीय ज्यूंना बहुतांश नंतर बांधलेल्या सरकारी चाळवजा इमारतींत जागा मिळाली, म्हणून त्यांच्यावर दुसऱ्याचे घर घेतल्याचा आरोप सरसकट करणे योग्य नाही. पण ते ज्या शहरात राहिले त्याच्या पूर्वीच्या रहिवाशांविषयी त्यांना काय सांगितले गेले, हा प्रश्न उरतोच.

बेने इस्राईल हा समाज स्वतःचा इतिहास कागदाविना सांगणारा समाज होता, आणि येथे या लेखातील दोन धागे एकमेकांत गुंततात. त्यांच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले, आणि बुडालेल्यांची प्रेते नवगावात पुरली गेली. वाचलेल्यांचे वंशज कुलाबा जिल्ह्याच्या गावोगाव पसरले, तेल गाळण्याचा धंदा करू लागले आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतिदिन, पाळत असल्याने ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेले. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर अशी त्यांची आडनावे झाली. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधले. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इतिहासात हे आगमन इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास, गालिलीतील छळामुळे झाले, असे अनुमान मांडले. कोकणात त्यांना हिब्रू विधी शिकवणाऱ्या डेव्हिड राहबीचा काळही तितकाच वादाचा आहे : परंपरा त्याला अनेक शतके मागे नेते, तर काही अभ्यासक त्याला अठराव्या शतकातील कोचीनचा व्यापारी मानतात. समुद्राने गिळलेल्या ग्रंथांची ही कथा शब्दशः खरी ठरवता येत नाही आणि खोटीही ठरवता येत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने मात्र बेने इस्राईल समाजात भारतीय वारशाबरोबर मध्यपूर्वेतील ज्यूंशी जुळणारा वारसा असल्याचे दाखवले, म्हणजे कथेचा गाभा तपशिलांपेक्षा अधिक टिकाऊ निघाला.

इस्रायलमध्ये या समाजाला दोनदा आपल्या भूतकाळासाठी रस्त्यावर यावे लागले. १९५१ च्या अखेरीस रंगभेदाची आणि रोजगाराची तक्रार करीत काही भारतीय कुटुंबांनी तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि १९५२ मध्ये त्यांना विमानाने भारतात परत पाठवले गेले. पुढे त्यांतील बरेच जण पुन्हा इस्रायलला गेले. दुसरा लढा अधिक मूलभूत होता. मुख्य धर्मगुरू यित्झाक निस्सीम यांच्या काळात, १९६२ मध्ये, धर्ममंडळाने असा निर्देश काढला की बेने इस्राईल व्यक्तीचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या मातृवंशात कोणी अज्यू किंवा धर्मशास्त्राप्रमाणे घटस्फोट न होता पुनर्विवाह केलेली स्त्री होती का, हे शक्य तितक्या पिढ्या मागे जाऊन तपासावे. पेण, रोहा, अलिबाग या गावांत शतकानुशतके राहिलेल्या तेल्यांच्या आजीपणजीच्या विवाहाचा कागद कोठून आणायचा, याचे उत्तर निर्देशात नव्हते. दोन वर्षे निदर्शने, धरणी आणि उपोषणे झाली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये नेसेटच्या विशेष अधिवेशनात पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्राईल हे पूर्णार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. त्यानंतर धर्ममंडळाला निर्देशातून त्यांचे नाव वगळावे लागले. नवगावच्या आठवणीला शेवटी मान्यता मिळाली ती कोणत्याही दप्तरातून नव्हे, तर संघटित नागरिकांच्या दबावातून आणि संसदेच्या ठरावातून. ज्या देशाने या समाजाची कागदाविना सांगितलेली कथा मान्य केली, त्याच देशात, त्याच लोद शहरात, दुसऱ्या समाजाची कागदाविना सांगितलेली कथा तेव्हा आणि पुढची पंधरा वर्षे नाकारली जात होती. हा विरोधाभास या इतिहासातील सर्वांत जड भाग आहे.

ज्यू आणि अरब या दोन कप्प्यांची मांडणीही पुण्याच्या इतिहासाला पुरती लागू पडत नाही. पुणे कॅम्पातील लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, बांधवून घेणारे डेव्हिड ससून १७९२ मध्ये बगदादला जन्मले, त्यांची घरची भाषा अरबी होती आणि १८६४ मध्ये पुण्यात निधन झाल्यावर त्यांची समाधी त्याच आवारात झाली. ससून ज्या समाजातून आले तो बगदादचा ज्यू समाज १९५०-५१ मध्ये जवळजवळ समूळ उठला : सगळ्या इराकमधून सुमारे १,२०,००० ज्यू आपले नागरिकत्व आणि मालमत्ता सोडून इस्रायलला गेली. १९४१ मधील बगदादची दंगल, इराक सरकारचे कायदे आणि झायोनवादी, म्हणजे ज्यू राष्ट्रवादी, संघटनांचे कार्य यांपैकी कशाचा वाटा किती, आणि १९५०-५१ मध्ये ज्यू ठिकाणांवर फुटलेले बॉम्ब कोणी ठेवले, हेही वादाचे विषय आहेत. आवि श्लाईम स्वतः १९४५ मध्ये बगदादला जन्मले होते, हे येथे सांगितले पाहिजे. अरब देशांतून गेलेल्या या ज्यूंच्या गमावलेल्या घरांचा उल्लेख पॅलेस्टिनी निर्वासितांच्या घरांना उत्तर म्हणून केला जातो. पण एका माणसाचे हिरावलेले घर दुसऱ्याच्या हिरावलेल्या घराची किंमत चुकती करीत नाही, आणि दोन्ही घरांची नोंद स्वतंत्रपणेच व्हायला हवी.

कथने एकत्र मांडण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला तो इस्रायली मानसशास्त्रज्ञ दान बार-ऑन आणि पॅलेस्टिनी शिक्षणतज्ज्ञ सामी अदवान यांचा. दोन्ही बाजूंच्या शिक्षकांना एकत्र बसवून त्यांनी २००२ पासून असे पाठ्यपुस्तक तयार केले की पानाच्या एका बाजूस इस्रायली कथन, दुसऱ्या बाजूस पॅलेस्टिनी कथन आणि मध्ये विद्यार्थ्याला स्वतः लिहिण्यासाठी कोरी जागा. ते शाळांत अधिकृतपणे रुजू शकले नाही. इस्रायलमध्ये २००७ मध्ये अरब मुलांच्या पुस्तकात ‘नकबा’ हे नाव आले आणि दोन वर्षांनी गेले. २०११ मध्ये स्वातंत्र्यदिन हा शोकदिन म्हणून पाळणाऱ्या संस्थांचे सरकारी अनुदान कापण्याची तरतूद करणारा कायदा झाला. आणि २०१९ मध्ये हे उघड झाले की संरक्षण खात्याचे अधिकारी पूर्वी खुले झालेले १९४८ चे कागद दप्तरखान्यांतून पुन्हा बंद करीत होते. मे २०२१ मध्ये लोद शहरातच ज्यू आणि अरब शेजारी एकमेकांवर उठले, सिनेगॉगे आणि गाड्या जळाल्या, माणसे मेली आणि तेथे आणीबाणी जाहीर करावी लागली.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या परिसरातील वाचकाला इतिहासाच्या वादाचे हे रूप केवळ दूरदेशीचे वाटू नये. चाकणपासून फार लांब नसलेल्या वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजी महाराजांच्या अंत्यसंस्कारासंबंधीची परंपरा सांगणाऱ्या एका फलकावरून डिसेंबर २०१७ मध्ये तणाव झाला आणि १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा येथे हिंसाचार झाला. तेथेही एका बाजूस कागद मागितला जात होता आणि दुसऱ्या बाजूस गावाची आठवण सांगितली जात होती. आठवण ही कागदापेक्षा कमी दर्जाची म्हणून फेटाळायची नाही आणि कागदाऐवजीही वापरायची नाही. देर यासीनच्या संशोधकांप्रमाणे ती नावनिशी लिहून घ्यायची, तारखेला तारीख लावायची आणि मग ती जेथे मोडते तेथे मोडू द्यायची, हीच एक रीत उरते.

महाराष्ट्र शासनाने जून २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला आणि इस्रायलमध्ये ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघत आले आहे. म्हणजे या विषयावर मराठीत बोलू शकणारी माणसे दोन्ही देशांत आहेत. पन्नास आणि साठच्या दशकांत लोद, रामला आणि बिरशेबा येथे उतरलेल्या मराठी ज्यूंनी तेथे काय पाहिले, पडक्या घरांविषयी आणि उरलेल्या अरब शेजाऱ्यांविषयी त्यांना काय ठाऊक होते, हे त्यांच्याच मराठीत नोंदवून घेण्याचे काम पुण्यातील विद्यापीठाने आणि भारत इतिहास संशोधक मंडळाने हाती घ्यावे, आणि त्याच जोडीने पिंपरी कॅम्पातील सिंधी वृद्धांच्या साक्षीही लिहून घ्याव्यात. त्या पिढीतील हयात माणसांपैकी बहुतेक आज ऐंशीच्या घरात किंवा पुढे आहेत, त्यामुळे हे काम याच दशकात झाले पाहिजे.